पाहणारे : अकरा

अकलंक मगदूमनं संध्याकाळी अंडा बुर्जी खाल्ली की दुसऱ्या दिवशी त्याची आई एकाशन करायची, म्हणजे दिवसभरात एकदाच, एका जागी बसून जेवायची. जैनांना कांदाही वर्ज्य, म्हणून त्यानं कांदाभजी खाल्ली तर ती मीठ सोडायची आणि दिवसभर सगळं अळणी खायची. एकदा मित्राच्या लग्नात तो चिकनच्या परातीकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. खाल्लं काहीच नाही. तरी दुसऱ्या दिवशी तिनं चहातली साखर सोडली.

या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं अकलंकला कधी वाटलं नाही. तो विज्ञान शिकलेला होता. दोन घटना पुन्हा पुन्हा एकामागोमाग घडल्या तर त्यांची तपासणी करावी, हे त्याला पाठ होतं. पण माणूस विज्ञान बाहेर वापरतो. आई स्वयंपाकघरात असते.

"आज मीठ नाही?" तो विचारायचा.

"सोडलंय."

"का?"

"वाटलं."

आपली आई फार धार्मिक आहे, असं तो सगळ्यांना सांगायचा. सांगलीच्या रत्नत्रय सोसायटीत तर तिची ख्यातीच होती. पद्मजासारखे नियम पाळणारी बाई दुसरी नाही, असं वरच्या मजल्यावरच्या शेंडगे काकू म्हणायच्या, आणि म्हणताना का कोण जाणे, अकलंककडे बघून उसासा सोडायच्या.

अकलंक जन्मला तेव्हा त्याचं वजन किलोभर साखरेच्या पुड्याहून कमी होतं. सातवा महिना पुरता सरलाही नव्हता. एवढी घाई त्याला कशाची होती हे कुणालाच कळलं नाही, कारण त्यानंतर तो आयुष्यात कुठेही वेळेवर पोचला नाही.

घाई त्याच्या डोळ्यांना महागात पडली. डोळ्याच्या मागच्या पडद्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बाळ पोटात असताना मधून निघून कडेकडे वाढत जातात. कडेपर्यंत पोचायला त्यांना पूर्ण नऊ महिने लागतात. बाळ आधीच बाहेर आलं की ही वाढ अर्ध्या वाटेत थबकते, त्यात बाळाला जगवायला दिलेला प्राणवायू जास्त झाला तर आणखीच. मग पडद्याची कोरडी राहिलेली कड रक्तासाठी ओरडायला लागते, आणि वाहिन्या पुन्हा वाढू लागतात, पण आता भांबावल्यासारख्या, दिशा सोडून, डोळ्याच्या पोकळीत. त्या फुटतात, त्यांचे व्रण होतात, व्रण आक्रसतात, आणि ओल आलेल्या भिंतीवरून रंगाचा पापुद्रा सुटावा तसा पडदा सुटून येतो. बाळ काही बोलत नाही. त्याला वाटतं, जग अंधारंच असतं.

पूर्वी यावर लेझरनं पडद्याची कड जाळत. कड ओरडायची थांबे, मधली नजर वाचे, कडेची जाई. इंजेक्शनंही आली. अकलंकच्या जन्माच्या सुमाराला तिसरा उपाय आला. त्याचं नाव जाळी.

जाळी म्हणजे कोळ्याच्या धाग्याहून बारीक प्रथिनांचे धागे. ते डोळ्यात सोडले की पडद्यावर पसरतात, आणि दोडक्याची वेल मांडवावर चढावी तशा वाहिन्या त्यांच्यावरून शिस्तीत कडेपर्यंत जातात. जिथला पडदा आधीच मेलेला असतो, तिथे जाळीच्या गाठी स्वतःच उजेड टिपतात. त्यांना लागणारी वीज कानामागे बसवलेला एक मणी अंगाच्या उबेवर तयार करतो.

अडचण एकच होती. जाळी नीट बसली की नाही हे बाळ सांगू शकत नाही. म्हणून जाळीनं टिपलेलं चित्र आईबापांच्या फोनवर यायचं. याला पालक-खिडकी म्हणत. बाळाला काय दिसतंय ते बघायचं आणि दाबायचं : स्वच्छ, धूसर, किंवा तुटक. त्यावरून जाळी स्वतःला सुधारत जायची. दिवसातून अनेकदा, पहिली काही वर्षं. मूल बोलायला लागलं, 'आई, तो बघ बैल' म्हणून बैलाकडेच बोट दाखवायला लागलं, की खिडकी बंद करायची. उघडणाऱ्यानंच बंद करायची. दुसऱ्या कुणाला करता येत नाही.

हे सगळं अकलंकला तोंडपाठ होतं, कारण मिरजेच्या रस्त्यावरच्या एका इस्पितळात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षात, तो डोळ्यांचा तंत्रज्ञ होता. बाळांचे डोळे तपासायचे आणि भेदरलेल्या आईबापांना जाळी समजावून सांगायची, हे त्याचं काम. शेवटी तो आपल्या कानामागचा मणी दाखवायचा आणि म्हणायचा, "मी बघा, पहिल्या खेपेचा. माझ्या आईनं मी बालवाडीत असतानाच खिडकी बंद केली."

हे त्याला आईनंच सांगितलं होतं.

त्या दिवशी त्याच्यासमोर कोमल शिरतोडे बसली होती. तिचं बाळ पलीकडे काचेच्या पेटीत, निळ्या टोपीत. कोमल ऐकून घेणाऱ्यातली नव्हती.

"हे सगळं कळलं," ती म्हणाली. "पण खिडकी दिसती कशी ते दाखवा की."

"चित्र दिसतं, ताई."

"कसलं चित्र? काळं-पांढरं का रंगीत? लग्नाच्या व्हिडिओसारखं का?"

दाखवायला ठेवलेली चित्रफीत उघडेना. इस्पितळातली दाखवायची प्रत्येक गोष्ट दाखवायच्या वेळी बंद असते. शेवटी अकलंकनं टॅबवर आपल्या स्वतःच्या जाळीचा क्रमांक टाकला. बंद खिडकी कशी काळी दिसते, एवढं तरी दाखवावं म्हणून.

पडदा काळा झाला नाही. टॅबमध्ये टॅब दिसला, त्या टॅबमध्ये आणखी एक टॅब, त्यात आणखी एक. अकलंकनं दचकून मान वर केली, तर टॅबवर कोमल शिरतोडे आली.

"अगंबाई," कोमल टॅबकडे बघत म्हणाली. "माझे केस किती विस्कटलेत."

चित्राखाली दोन ओळी होत्या.

खिडकी : उघडी.
पाहणारे : अकरा.

"अकरा म्हणजे?" कोमलनं विचारलं.

"हे नुसतं दाखवायला आहे."

"दाखवायला. मग बघायला अकरा जण कुठनं आले?"

तेवढ्यात आकडा बदलला. अकराचे नऊ झाले. मग सहा. त्याच्या लक्षात आलं, की तो आकडा वाचतोय हे त्या आकड्यालाही दिसतंय. चार. तीन. वर्गात मास्तर यावेत तशी पांगापांग. दोन.

एक.

तो बराच वेळ त्या एककडे बघत राहिला. तो एकही त्याच्याकडे बघत राहिला. शून्य काही झालं नाही.

घरी जाताना त्याला गोष्टी आठवत गेल्या. गाडीची किल्ली हरवली होती, तेव्हा उपाध्ये आज्जी जिन्यातूनच म्हणाल्या होत्या, "फ्रिजवर बघ." दहावीला बीजगणिताचा पेपर देऊन आला, तर मुल्ला भाभी दारातच, "तिसरा प्रश्न राहिला वाटतं." त्यानं एकदा दुकानात एक निळा शर्ट बघितला, महाग म्हणून ठेवून दिला, आणि वाढदिवसाला सोसायटीच्या बायकांनी वर्गणी काढून तोच शर्ट आणला. तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आता त्याला कळलं, की त्या पाण्यानं चित्र धूसर झालं असणार आणि कुणीतरी इमानानं 'धूसर' दाबलं असणार.

रत्नत्रय सोसायटीत त्या दिवशी चिटपाखरू नव्हतं. एरवी जिन्यात भाजी निवडत बसलेल्या बायका गायब. पहिल्या मजल्यावर तेवढ्या शेंडगे काकू सापडल्या. त्या त्याला बघून भिंतीला चिकटल्या.

"मी आज बघितलंच नाही हं, अक्कू," त्या म्हणाल्या.

"काय नाही बघितलं, काकू?"

शेंडगे काकूंनी विचार केला. "काहीच नाही. आज माझा वारच नव्हता," असं म्हणून त्या वर निघून गेल्या.

घरात पुरणाचा वास येत होता. सण कसलाच नव्हता. आईनं त्याला बघितलं आणि पाट मांडला.

"आई, खिडकी."

"आधी जेव. सूर्य बुडायला आलाय. मग काय भांडायचं ते भांड."

"तू म्हणालीस बंद केली."

"बंद करणार होते. पोळी मोड."

त्यानं पोळी मोडली. भांडतानासुद्धा सूर्यास्ताआधी जेवायचं असतं, हे त्याच्या अंगात इतकं मुरलेलं होतं, की बुर्जीही तो अपराधी चेहऱ्यानंच खायचा. दाराशी पप्पा पेपर घेऊन बसले होते.

"तुम्हाला माहीत होतं?" त्यानं विचारलं.

"मी कधी बघितलं नाही," पप्पा म्हणाले. "एकदा बघितलं. तू पाळण्यात होतास. मला गाडी लागते तसं झालं."

"पण माहीत होतं."

पप्पांनी पेपरचं पान उलटलं. ते पान त्यांचं वाचून झालेलं नव्हतं.

आईनं मग सांगितलं. लपवलं काही नाही. आता लपवण्यासारखं राहिलंही नव्हतं. तो घरी आला तेव्हा दिवसातून कितीदा तरी खिडकी बघायला लागायची. तिची नोकरी होती. एकदा तिला ताप आला आणि तिनं शेंडगे काकूंना फोन देऊन म्हटलं, आजच्या दिवस तुम्ही दाबा. मग सोसायटीच्या भिशीत विषय निघाला. भिशीत नंबर लावतात तसे बायकांनी वार वाटून घेतले. सोमवार उपाध्ये आज्जी, मंगळवार मुल्ला भाभी, बुधवारी दोघी मिळून. बाळाला पंखा दिसतोय का, पंख्याची तिन्ही पाती दिसतायत का. पाचव्या महिन्यात पहिल्यांदा चित्रात आईचा चेहरा अख्खा आला, त्या दिवशी सगळ्या इमारतीत पेढे वाटले.

"मग मी बोलायला लागलो," अकलंक म्हणाला.

"लागलास."

"तेव्हा बंद का नाही केली?"

"बायका म्हणाल्या, एवढा महिना असू दे. तू तेव्हा शाळेत जायला लागलेलास. नाहीतर कसं कळणार, डबा खातोस का टाकतोस." आई तव्यावर पोळी टाकायला वळली. "मग सवय लागली. दुपारच्या मालिका सुटल्या सगळ्यांच्या. तुझ्यात आवाज नसतो ना, मग शेंडगे काकू तुझं बोलतात."

"माझं बोलतात म्हणजे?"

"तू समोरच्याशी काय बोलत असशील ते. आवाज काढून. छान काढतात."

यावर अकलंकनं काय बोलावं, हे शेंडगे काकूंना सुचलं असतं.

"आणि बुर्जी?" तो शेवटी म्हणाला.

आईची पाठ त्याच्याकडेच राहिली. "मी तुला कधी बोलले?"

"नाही."

"मग?"

"तू माझ्या पापाचे उपास करत होतीस आणि मला कळूही दिलं नाहीस."

"कळू दिलं असतं, तर तू खायचं सोडलं असतंस का?"

"नाही."

"मग कुणीतरी करायला नको?" असं म्हणून तिनं त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली आणि वर तूप सोडलं.

त्या अकरा जणींत नसलेलं त्याचं एकच माणूस होतं : केतकी चौगुले. तिच्याशी त्याचं लग्न ठरलं होतं. ती हळद तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि तिची बोटं कायम पिवळी असत. आईनंच आणलेलं स्थळ, पण पहिल्याच भेटीत केतकीनं त्याला न विचारता भेळ सांगितली, ती भरपूर कांदा घालून. अकलंकला वाटलं होतं, ही आपल्याला ओळखते.

ते कृष्णेच्या घाटावर बसले. मध्ये भडंगाचा पुडा.

"तुला एक सांगायचंय," तो म्हणाला. "दचकू नकोस." आणि त्यानं सांगितलं.

केतकीनं पुडा खाली ठेवला. "कधी कळलं तुला?"

अकलंकनं मनात बरेच प्रश्न धरून ठेवले होते. 'काय सांगतोस', 'खरंच?', 'असं कसं शक्य आहे'. 'कधी कळलं' हा प्रश्न या सगळ्यांच्या नंतर येतो. मधले प्रश्न तिनं गाळले होते.

"तू पण," तो म्हणाला.

"तुझ्या आईच म्हणाल्या. स्थळ आलं तेव्हा. म्हणाल्या, पोहे खाऊन मुलगा काय कळतोय, महिनाभर बघ आणि मग हो म्हण. तुम्ही मुलगे बघताच की मुलींना."

"मी अर्धा तास बघितलं. तुझ्या समोर बसून. तुझा भाऊ, आत्या आणि एक कुत्रा धरून."

"मी महिन्यानं बंद केलं, अकलंक. खरंच. साखरपुड्याच्या आधी. आता मी नाही त्यात."

"काय बघितलंस?"

ती पाण्याकडे बघत राहिली. "बाळाचे डोळे तपासायच्या आधी तू त्याची पावलं बघतोस. प्रत्येकाची, रोज. हात लावत नाहीस, नुसतं बघतोस. ते बघून मी हो म्हणाले."

हे ऐकायला अकलंकनं एरवी काहीही दिलं असतं. आज ते ऐकून त्याला कुणीतरी खिशात हात घातल्यासारखं झालं.

"आणि कांद्याची भेळ?"

तिनं भडंगाच्या पुड्याचं तोंड दुमडलं.

"मला वाटलं, हिला मी कळलो. तू पेपर फोडून आली होतीस."

"कळलाच होतास की."

"मी नाही कळलो. माझ्या डोळ्यांतून सगळं जग दिसतं, केतकी, मी सोडून. तू मला बघितलंच नाहीस."

"दाढी करताना दिसायचास की आरशात," ती म्हणाली. "जीभ गालात घालतोस."

ती आणखी काही म्हणाली असती, तर तो हसला असता आणि सगळं मिटलं असतं. ती थांबली. अकलंकनं तिचा चेहरा शेवटचा बघून घेतला, पिवळी बोटं बघितली, आणि मग तिच्याकडून नजर वळवली. तेवढ्यात त्याला वाटलं, आज वार कुणाचा आहे कुणास ठाऊक, पण शेंडगे काकू आत्ता केतकीच्या तोंडी काय घालत असतील.

दुसऱ्या दिवशी त्यानं रणदिवे मॅडमना विचारलं. त्या कक्षाच्या प्रमुख डॉक्टर.

"मी सज्ञान आहे, मॅडम. माझी खिडकी मला बंद करता यायला पाहिजे."

"डोळे तुझ्या नावावर आहेत," मॅडम म्हणाल्या. "खिडकी आईच्या नावावर आहे."

"मणी काढला तर?"

"खिडकी बंद. कडेचं जगही बंद. नळीतून बघितल्यासारखं समोरचं तेवढं दिसेल. मग बाळांचे डोळे तपासायचं विसर." त्यांनी चष्मा पुसला. "आईला सांग ना. काय एवढं."

"तिनं बंद केली हे मला कळेल कसं?"

"इथल्या टॅबवर काळा पडदा दिसेल."

"म्हणजे कळेल."

"नाही. नुसती खाजगी केली, म्हणजे आईनं ठरवलेल्यांनाच दिसेल अशी ठेवली, तरी इथे काळाच दिसतो. गोपनीयता म्हणून तसं ठेवलंय." यात काही विचित्र आहे असं मॅडमना वाटलेलं दिसलं नाही.

बाहेर कोमल शिरतोडे संमतीच्या कागदासाठी थांबली होती. या वेळी अकलंकनं आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं नाही.

"ताई, त्या दिवशी मी खोटं बोललो. माझ्या आईनं अजून बंद केलेली नाही."

कोमलनं त्याच्याकडे नीट बघितलं. "तुम्हाला नीट दिसतंय ना?"

"दिसतंय."

"कडेचं पण?"

"कडेचं पण."

"मग द्या पेन."

"तो मोठा झाल्यावर चिडेल तुमच्यावर."

"चिडू दे की," कोमल म्हणाली. "चिडताना माझं तोंड दिसायला पाहिजे ना त्याला." आणि तिनं सही केली. मग जाताना मागे वळून म्हणाली, "मी बंद करीन हां पण." तिच्या डोळ्यांत प्रामाणिकपणा अगदी ओसंडत होता. अकलंकला वाटलं, आपली आईसुद्धा अशीच दिसली असणार.

त्या संध्याकाळी तो घरी आला आणि आईसमोर स्टूल ओढून बसला.

"फोन काढ. खिडकी उघड."

आईनं ती उघडली. उघडायची म्हणजे फक्त फोन सरळ करायचा होता.

"आता फोनमध्ये बघ. मी तुझ्याकडे बघतोय."

फोनमध्ये एक पन्नाशीची बाई फोनमध्ये बघत होती. आईनं मान तिरकी केली. बाईनंही केली. तिनं इतकी वर्षं त्या खिडकीतून शाळेचा फळा बघितला होता, क्रिकेटचे चेंडू, बसच्या खिडक्या, बाळांची पावलं, बुर्जीचा तवा. ती स्वतःही त्यात असायचीच, पण येता-जाता, डबा हातात देताना. एवढा वेळ कुणी तिच्याकडे बघितलं नव्हतं.

"कशी दिसतेस?" त्यानं विचारलं.

"जाड."

"आई."

"आणि दमलेली." तिनं पदर नीट केला. फोनमधल्या बाईनं केला. "तू मला असं बघतोस?"

"आज बघतोय. कालपर्यंत वेगळं बघायचो."

आई बराच वेळ स्वतःकडे बघत राहिली. मग बोलली ते फोनमधल्या बाईला उद्देशून बोलल्यासारखं. "तू पेटीत होतास. मला हात लावू द्यायचे नाहीत. काचेला नाक लावून बघायचे तुला. तुझी पावलं तेवढी दिसायची दुपट्यातनं. मग ही खिडकी दिली, आणि मला वाटलं, चला, काचेच्या आत गेले एकदाची." तिनं नाक ओढलं. "बाहेर यायचं कधी, ते कुणी सांगितलं नाही."

"सांगतात, आई. मी रोज सांगतो. पगार घेतो त्याचा."

"बंद करते."

"आत्ता."

"आत्ताच करते. डोळे मीट."

"का?"

"पासवर्ड टाकायचाय. तुझ्या समोर टाकला तर सगळ्यांना दिसेल की."

यात तर्क होता. अकलंकनं डोळे मिटले. अंधारात त्याला आईच्या बोटांचा टकटक आवाज आला, मग काही क्षण काहीच नाही, मग तिचा श्वास.

"झालं," आई म्हणाली.

त्यानं डोळे उघडले. जग होतं तसंच होतं, मध्येही आणि कडेलाही. आईच्या फोनचा पडदा काळा होता. इस्पितळातल्या टॅबवरही दुसऱ्या दिवशी काळाच दिसला.

चार-सहा दिवस तो नुसता बघत राहिला. शेंडगे काकू जिन्यात परत भाजी निवडायला बसू लागल्या होत्या. त्याला बघून हसत होत्या, पण काही सांगत नव्हत्या. एकदा त्याची छत्री सापडेना, तर कुणीच 'अमक्या ठिकाणी बघ' म्हणालं नाही. त्याला ती शोधायला सगळं घर पालथं घालावं लागलं. इतका आनंद त्याला कित्येक वर्षांत झाला नव्हता. केतकीला फोन करावा, असंही मनात आलं. उद्या करू, तो म्हणाला. आधी एक गोष्ट बाकी होती.

शनिवारी संध्याकाळी तो कोपऱ्यावरच्या गाडीवर गेला आणि डबल अंडा बुर्जी सांगितली. भूक नव्हती. तव्याकडे त्यानं शांतपणे, पापणी न लववता, वाफेतून सगळं नीट दिसेल असं बघितलं. मग प्रत्येक घास आधी डोळ्यांसमोर धरला आणि मग खाल्ला. गाडीवाल्याला वाटलं, माशी पडली की काय.

रविवारी सकाळी आईनं पोहे केले. बशीभर त्याला, बशीभर स्वतःला. ती त्याच्या समोर बसली आणि खाऊ लागली. एकाशन नव्हतं. सकाळची वेळ, भरलेली बशी, चमचा वर-खाली. तिनं बंद केली होती. तिला खरंच काही माहीत नव्हतं.

"चहा आणू?" म्हणत ती उठली आणि आत गेली.

लाडात येऊन त्यानं तिच्या बशीतले पोहे चमचाभर उचलले, लहानपणी उचलायचा तसे, आणि तोंडात टाकले.

ते अळणी होते.

त्यानं आपल्या बशीतले खाऊन बघितले. मीठ बरोबर होतं. पुन्हा तिच्यातले. हळद होती, मिरची होती, शेंगदाणे होते, वर खोबरंसुद्धा होतं. मीठ नव्हतं. उपास केला असता तर त्याला कळलं असतं, म्हणून तिनं शिक्षा कमी करून घेतली होती.

आई चहा घेऊन आली. तिनं बशी बघितली, त्याच्या हातातला चमचा बघितला.

"काय झालं?"

"काही नाही," अकलंक म्हणाला. "मस्त झालेत."

खिडकीतून चित्र जात होतं. आवाज जात नव्हता आणि चव जात नव्हती. एवढंच त्याचं स्वतःचं उरलं होतं. त्यानं तिची बशी आपल्याकडे ओढली, डोळे मिटले, आणि ते अळणी पोहे सावकाश चावू लागला.

वरच्या गॅलरीतून शेंडगे काकूंचा आवाज आला.

"गेलं गं."

अकलंकनं डोळे उघडले.

"आलं, आलं."

त्यानं पुन्हा मिटले आणि या वेळी उघडले नाहीत. समोर आई उभी होती, हातात चहा घेऊन. कप बशीवर किणकिणत होता, त्यावरून त्याला ते कळत होतं.